बर्फशेठ

काही माणसांना दोन जण बोलत उभे दिसले की तिसरा शोधावासा वाटतो. तिसरा सापडला की अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार अशी वाटणी करून ते मोकळे होतात आणि स्वतः साधे 'संस्थापक' म्हणून मागच्या रांगेत बसतात. प्रत्येक गावात असा एक तरी असतो. उरणात आमच्या वाट्याला बर्फशेठ आले.

धंदा विम्याचा. पॉलिसीच्या कागदावर त्यांचं रीतसर नाव आहे, पण ते लोकांना हप्ता भरतानाच आठवतं. आमच्या तालुक्यात शेठ व्हायला पैसा लागतोच असं नाही. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि 'बघू, करू' म्हणायची एक सावकाश पद्धत एवढ्यावर माणूस शेठ होतो. नावापुढचा बर्फ मात्र त्यांनी कष्टाने मिळवला, आणि तोही अशा गावात जिथे जानेवारीतल्या पहाटे कानटोपी घालणाऱ्याला घरचे तब्येत विचारतात.

बर्फाच्या आधी त्यांनी बरेच ग्रुप काढले होते. ते सगळे एकाच दुखण्याने गेले. बैलगाडी शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये बंदी घातली, तेव्हा शेठनी शौकिनांना एकत्र केलं. बंदी होती तोवर काय ती एकी! अलिबागचा माणूस उरणच्या माणसाला 'सख्खा' म्हणत होता. डिसेंबर २०२१मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि ग्रुपला तडा गेला, कारण आता मैदानात खरे बैल आले आणि प्रत्येक बैलाला मालक होता. टेनिस बॉल क्रिकेटचा ग्रुप चषकाच्या उंचीवरून गेला. बुलेटवाल्यांचा ग्रुप तर थेट पंतप्रधानांच्या हस्ते फुटला म्हणायचा. १२ जानेवारी २०२४ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. शिवडी ते न्हावा शेवा, २१.८ किलोमीटर, आणि दुचाकीला मनाई. ग्रुपमध्ये ज्यांच्याकडे मोटारही होती ते पुलावरून जाऊन फोटो टाकू लागले आणि ज्यांच्याकडे नुसती बुलेट होती ते खाली 'अभिनंदन' लिहून एकेक करून बाहेर पडू लागले.

त्याच हिवाळ्यात शेठ सहकुटुंब काश्मीरला गेले. जानेवारी २०२४मध्ये खुद्द गुलमर्गला बर्फ नव्हता. हॉटेलवाले आभाळाकडे बघत बसले होते. फेब्रुवारीत बर्फ पडला आणि त्यापाठोपाठ शेठ पोचले. भाड्याचे गमबूट, भाड्याचा कोट, पुढे चालक आणि मागे त्याच्या कमरेला धरून शेठ, अशी स्नो स्कूटरची एक फेरी झाली. काकूंनी व्हिडिओ काढला. त्यात बर्फ आहे, आवाज आहे आणि काकूंचा अंगठा आहे, शेठ नाहीत. पण त्या फेरीत त्यांना जे सुचलं ते बाकीच्या पर्यटकांना सुचत नाही.

"मास्तर," परत आल्यावर ते मला म्हणाले, "आपल्या अख्ख्या तालुक्यात या गाडीचा एकही मालक नाही."

"बरं मग?"

"मालक नाही म्हणजे सिनिऑरिटी नाही. सिनिऑरिटी नाही म्हणजे भांडण नाही. हा ग्रुप टिकणार!"

संध्याकाळपर्यंत 'स्नो स्कूटर परिवार, उरण' अस्तित्वात आला. शेठच्या मते नावात 'परिवार' असला की माणूस शिवी देताना एकदा थांबतो. पॉलिसीधारकांची यादी हाताशी होतीच. न विचारता सगळे परिवारात दाखल. पहिल्या दिवशीची चर्चा अशी: 'कसला ग्रुप?' 'मला कोणी घेतलं?' 'गुड मॉर्निंग.' 'शेठ, माझा बोनस कधी जमा होणार?' आणि करंजाच्या एका नाखव्याचा मेसेज: 'बरफ टनाला काय भाव, दादूस? बोटीवर पोचवनार का?'

नाखव्याची चूक नव्हती. उरणात बर्फ म्हणजे बोटीच्या पोटात मासळीवर टाकायचा. बर्फाच्या कारखान्यातून लादी येते, यंत्रात भुगा होतो, भुगा खणात जातो. त्यावर स्कूटर चालवायची कल्पना कोणाच्या सात पिढ्यांत नव्हती. पण शेठ गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणत नाहीत. त्यांनी नाखव्याला भाव सांगितला नाही, गाडीचा इतिहास पाठवला. पुढे १ जूनला मासेमारीची बंदी सुरू झाली. ३१ जुलैपर्यंत बोटी किनाऱ्याला आणि नाखवा घरी. त्या दोन महिन्यांत त्याने तो इतिहास सगळा वाचला. आज परिवारात त्याच्याइतका जाणकार दुसरा नाही.

तो इतिहास मीही वाचला. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात व्हॅलकोर्ट नावाचं गाव आहे. तिथल्या जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए या मेकॅनिकचा दोन वर्षांचा मुलगा १९३४च्या हिवाळ्यात आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद, दवाखाना दूर. पोर हाती लागलं नाही. बाप आधीपासून बर्फावरच्या गाडीच्या खटपटीत होताच, तो आता हट्टाला पेटला. १९३७मध्ये त्याने चाक आणि पट्ट्याच्या रचनेचं पेटंट घेतलं आणि सात माणसं बसतील अशी गाडी विकायला काढली. एक-दोघांची हलकी स्की-डू यायला १९५९ उजाडलं. शेठनी हे सगळं सकाळी सहाला पाठवलं होतं. दुपारी घारापुरीच्या एका सदस्याने खाली लिहिलं, 'आमच्याकडे पन रात्री पेशंट असला तर बोटीशिवाय विलाज नाय.' लेण्यांचं बेट जगात प्रसिद्ध आहे; रात्रीच्या वेळी ते उरण तालुक्यातलं, चहूबाजूंनी पाणी असलेलं एक गाव असतं. त्या दिवशी परिवारात हसणारं एकही चित्र पडलं नाही. बोनसवाल्यानेसुद्धा दम धरला.

वाढ व्हायची तर शिस्त हवी, म्हणून शेठनी नियम केला: स्नो स्कूटर सोडून दुसऱ्या विषयाचा मेसेज टाकायचा नाही. निवडणूक नाही, जमिनी गेलेल्यांचे साडेबारा टक्क्यांचे भूखंड नाहीत, वाढदिवस नाहीत. नियमाला धाक म्हणून त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१चा निकाल टाकला. सदस्याने आक्षेपार्ह काही लिहिलं आणि त्यात अ‍ॅडमिनचा हात नसला, तर केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, असा तो निकाल. खाली शेठची टीप: 'कोर्टाने मला सोडलं आहे. मी तुम्हाला सोडणार नाही.'

नियम कडक झाला की आपल्याकडची जनता हुशार होते. आठवड्यात मेसेज आला: 'करळला मोठं हिमस्खलन. दास्तान फाट्याकडून यावे.' शेठ खूश झाले. विषयाला धरून मेसेज होता. बाकीच्यांनी निमूट गाड्या वळवल्या, कारण करळ फाट्यावर कंटेनरचे ट्रेलर अडकून पडले होते. मग भाषाच तयार झाली. 'मोऱ्याला बर्फ वितळला' म्हणजे ओहोटी लागली, भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच आता पाणी चढल्यावर. 'स्लेजचे कुत्रे दमले' म्हणजे नेरूळकडे जाणारी लोकल उशिरा. 'रानसई गोठलं' म्हणजे उद्या धरणाचं पाणी नळाला नाही, आज भरून ठेवा. 'हिमबिबट्या दिसला' म्हणजे चौकात हेल्मेट तपासणारे उभे आहेत. या बातम्या इतक्या खऱ्या आणि इतक्या वेळेवर यायच्या की ज्यांना गाडीचं नाव उच्चारता येत नव्हतं तेही आत येऊ लागले. शेठ भाच्यापुतण्यांना अभिमानाने सांगायचे, "विषयनिष्ठ ग्रुप आहे. एक मेसेज विषयाबाहेर नाही."

ही निष्ठा एकालाच झेपली नाही. कुणाचा तरी भाऊ टोरोंटोला असतो. परदेशी शाखा म्हणून शेठनी त्याला मोठ्या सन्मानाने आत घेतलं. करळच्या हिमस्खलनाने तो बिचारा हादरला आणि त्याने घरी फोन करून आईला बाहेर पडू नको म्हणून सांगितलं. उलगडा झाल्यावर शेठनी त्याला बर्फाबद्दल चार शब्द लिहायची विनंती केली. त्याने लिहिलं, 'रोज सकाळी ऑफिसच्या आधी फावड्याने काढावा लागतो. पाठ धरली आहे.' आणि ग्रुप सोडला. बर्फ असलेला परिवारातला हा एकमेव माणूस होता. शेठना जराही वाईट वाटलं नाही. "अनुभव आला की प्रेम कमी होतं," ते म्हणाले. "विम्याचंही तसंच आहे."

तंत्राची बाजू गावातल्या एका मेकॅनिकने उचलली. त्याचं गॅरेज बस डेपोच्या बाजूला, हयात कायनेटिक होंडा उघडण्यात गेलेली. त्याने व्हिडिओ बघून निदान केलं: पुढे दोन पट्ट्या, त्या वळवायला, मागे रुंद रबरी पट्टा, तो ढकलायला, आणि इंजिनापासून पट्ट्यापर्यंत जोर नेणारा बेल्ट तर आपल्या कायनेटिकच्याच घराण्यातला. गिअर नाही, नुसता अंगठ्याने खटका दाबायचा. "म्हंजे माझ्या आयशीला पन जमंल," तो म्हणाला. पण एक अडचण त्याच्या लक्षात आली. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांना बर्फच गार ठेवतो. पट्टा फिरताना जो बर्फ उडतो तो खालच्या नळ्यांवर बसतो आणि पाणी निवतं. बर्फ नसेल तिथे गाडी तापणार. हे वाचून परिवारात समाधान पसरलं. उरणात गाडी का नाही याला आता शास्त्रीय कारण मिळालं होतं. ऐपतीचा प्रश्न मिटला.

मग छायाचित्र स्पर्धा झाली, विषय 'माझा बर्फ'. पहिलं बक्षीस एका पांढऱ्याशुभ्र डोंगराला मिळालं. परीक्षकांनी 'उत्तर ध्रुवाची आठवण' असा शेरा दिल्यावर कळलं की तो मिठागरातला मिठाचा ढीग होता. शेठनी बक्षीस काढून घेतलं नाही. पांढरं आहे, उन्हात चमकतं, वरून चालताना पाय रुततो, आणखी काय हवं? दुसरं बक्षीस सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनरच्या गोदामात, कामाला असलेल्या पोराला. त्याने रीफर कंटेनरच्या बाहेरच्या पट्टीवरचा आकडा टिपला होता: उणे १८. आत गोठवलेली कोळंबी, निघालेली परदेशी. दुसऱ्या दिवशी शेठनी जाहीर केलं, 'उरणचे किमान तापमान उणे १८.' ते खोटं म्हणता येईना.

शेठचं दैवत मात्र बॉम्बार्डिए नव्हे. ते राल्फ प्लेस्टेड. अमेरिकेच्या मिनेसोटातला हा माणूस, धंदा विम्याचा. मित्रांबरोबर गप्पा मारताना स्नोमोबिलवरून, म्हणजे आपल्या स्नो स्कूटरवरून, उत्तर ध्रुव गाठायचं निघालं. १९६७मध्ये निघाले आणि वादळाने परत फिरवलं. १९६८मध्ये पुन्हा निघाले. शेवटच्या टप्प्यात जे चौघे होते त्यांत एक बॉम्बार्डिएचा पुतण्या. २० एप्रिल १९६८ला अमेरिकी हवाई दलाच्या विमानाने वरून पाहून सांगितलं की होय, तुम्ही बरोबर ध्रुवावर उभे आहात. बर्फावरून ध्रुवापर्यंत गेल्याची ही पहिली निर्विवाद नोंद समजली जाते. शेठना यात शौर्यापेक्षा एक गोष्ट जास्त भावली. "मास्तर, एवढे दिवस फिरतीवर राहून त्याने एजन्सी सांभाळली कशी असेल हो?"

म्हणून २० एप्रिल हा आमचा स्थापना दिवस. पिरवाडीच्या किनाऱ्यावर, अंगाची लाही होत असताना, प्रत्येकाच्या हातात काला खट्टा गोळा आणि शेठचं भाषण. परदेशातल्या क्लबांचे सभासद फुकट राबून बर्फातल्या वाटा सपाट करतात, खुणा लावतात, पूल बांधतात, असं त्यांनी वाचलं होतं. "नुसतं प्रेम करून भागत नाही, वाट राखावी लागते!" असं म्हणून त्यांनी सगळ्यांच्या हातात पोती दिली. गोळ्यांच्या काड्यांपासून सुरुवात करून दुपारपर्यंत सगळा किनारा वेचून झाला. प्लास्टिक, चपला, निर्माल्याच्या पिशव्या. फिरायला आलेल्या एका पाहुण्याने विचारलं, "कुठली संस्था?" नाखव्याने घाम पुसत सांगितलं, "बरफावरची गाडी." पाहुण्याने पुढे काही विचारलं नाही.

सगळ्यात गाजलेली चर्चा मोऱ्याच्या चिखलाची. ओहोटीला धक्क्यापाशी गाळ उघडा पडतो आणि लाँच लागत नाही, हे गाऱ्हाणं पिढीजात आहे. नाखव्याने साधा सवाल टाकला: ही गाडी बर्फावर रुतत नाही, तर चिखलावर कशाला रुतेल? शेठनी लगेच विस्कॉन्सिनमधल्या ग्रँट्सबर्ग गावाचा दाखला आणला. १९७७पासून तिथे भर उन्हाळ्यात स्नोमोबिल पाण्यावरून पळवायच्या शर्यती होतात. खटका दाबलेला असेतो गाडी पाण्यावर सरकत राहते. सोडला की तळाला. "म्हंजे भाऊच्या धक्क्यापरेत खटका सोडायचा नाय," नाखवा म्हणाला. "आनि धक्का आल्यावर?" मेकॅनिकने इंजिन उकळेल म्हणून बजावलं. लाँचच्या तिकीटवाल्याने परतीच्या तिकिटाचा मुद्दा काढला. शेवटी एका म्हातारीचा आवाजातला मेसेज आला, "मोऱ्याच्या चिखलान निवटी सोडून कोनाला लायसन नाय!" आणि ठराव बारगळला. पण ते पंधरा दिवस काय रंगले! एकाने दुसऱ्याच्या गावाचं नाव काढलं नाही, जातीचं काढलं नाही, पक्षाचं काढलं नाही. चिखल सगळ्यांचा होता आणि गाडी कोणाचीच नव्हती.

आणि नेमकी तिथेच माशी शिंकली. परिवाराची संख्या १,०२४च्या मर्यादेला टेकायला आली असताना एका कस्टम हाउस एजंटाकडे काम करणाऱ्या तरुणाने लिहिलं, 'शेठ, किती दिवस नुसते व्हिडिओ बघायचे? पोर्ट आपल्या दारात आहे. कॅनडातून एक सेकंडहँड गाडी मागवू. कागदपत्रं मी बघतो. वर्गणी काढा.'

१९८९मध्ये बंदर सुरू झाल्यापासून आमच्या दारावरून जगातली प्रत्येक वस्तू बंद डब्यातून जाते आणि आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून नंबर वाचतो. त्यातला एक डबा आपल्यासाठी उघडायचा, ही कल्पनाच अशी होती की दोन तासांत वर्गणीची आश्वासनं पडू लागली. नाखव्याने तर ठेवायला जागाही देऊ केली. लगेच नागावच्या एकाने विचारलं, 'करंजालाच का?' त्यावर केगावच्या एकाने अंगठा दाखवला. पहिली फेरी कोण मारणार, असं तिसऱ्याने विचारलं. चौथ्याने वर्गणीच्या प्रमाणात फेऱ्या असा तोडगा सुचवला. परिवारात प्रथमच 'आमच्या गावाला नेहमीच डावललं जातं' हे वाक्य उमटलं.

शेठ रात्री माझ्याकडे आले. चेहरा पडलेला. "मास्तर, गाडी येतेय."

"मग आनंदाची गोष्ट आहे की!"

"तुम्हाला कळत नाही. गाडी आली की तिला किल्ली येणार. किल्ली एकाच्याच खिशात राहते."

त्यानंतरचा महिनाभर या माणसाने स्नो स्कूटर उरणात येऊ नये म्हणून जी मेहनत घेतली, तेवढी परिवार उभा करतानाही घेतली नव्हती. कस्टम ड्युटीचे तक्ते टाकले. किनाऱ्यावर सीआरझेडचे निर्बंध लागतात हे सांगितलं. आरटीओत या गाडीला चाकं किती म्हणून नोंदवणार, असा पेच घातला. मेकॅनिककडून तापण्याचं शास्त्र पुन्हा वदवून घेतलं. तरुण बधेना. त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला फॉर्म होता.

तेव्हा शेठनी विरोध सोडला. स्थापना दिवसाच्या सभेत ते उभे राहिले आणि गाडीच्या आयातीला त्यांनी स्वतः सूचक म्हणून पाठिंबा दिला. टाळ्या पडल्या. पुढचं वाक्य त्यांनी टाळ्या संपायच्या आत उरकलं: काम सर्वांच्या सहभागाने व्हावं म्हणून प्रत्येक गावाचा एक, प्रत्येक पाड्याचा एक, शिवाय ज्येष्ठ, महिला आणि युवक यांचे प्रतिनिधी घेऊन एक आयात समिती नेमण्यात येत आहे, समितीचे निर्णय एकमताने होतील. तरुणाला समितीचं निमंत्रक केलं, हार घातला. तो हसत होता. मला त्याच्याकडे बघवेना.

समितीच्या तीन बैठका झाल्या. पहिलीत पुढची बैठक कुठे घ्यायची हे ठरलं नाही, दुसरीत पहिलीचं इतिवृत्त मंजूर झालं नाही, तिसरीला तरुण आला नाही. समितीचा स्वतंत्र ग्रुप आहे. तिथे गाडी कुठल्या रंगाची मागवायची यावरून दोन गट पडले आहेत आणि एका गटाने दुसऱ्याचं लग्न चुकवलं, असं ऐकतो. इकडे परिवारात शांतता आहे. आज सकाळी करळला हिमस्खलन होतं, मोऱ्याला साडेदहानंतर बर्फ आहे.

परवा शेठ बाजारात भेटले. मी विचारलं, "समितीच्या ग्रुपमध्ये तुम्ही दिसत नाही?"

"छे हो," पिशवीतली मेथी वर करून खालची कोलीम नीट ठेवत ते म्हणाले, "तिथे गाडीप्रेमी लोक आहेत."